शामियान्याखालची निसर्गशाळा

मुलांचं खरं शिक्षण मोकळ्या आकाशाखाली होतं. हे वाक्य मी विजय नगरच्या बागेत, लाल-पिवळ्या शामियान्याखाली, दुसऱ्या रांगेत बसून ऐकलं. पहिल्या रांगेत सोफे होते. मुलं सगळ्यांत मागे सतरंजीवर. सतरंजी अशासाठी, की गवताने कपडे खराब होऊ नयेत.

हे ज्यांच्यामुळे घडलं त्या बाई आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या दर रविवारी सकाळी आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरातल्या मराठी घरांतली आठ-दहा मुलं या बागेत न्यायला लागल्या. अभ्यासक्रम नाही, फी नाही, फलक नाही. त्या नुसतं म्हणायच्या, "बघा." मुलं बघायची. माझी नात त्यांतलीच. तिला मराठी समजतं, पण बोलायची वेळ आली की ती हिंदीत शिरते. मग कुंपणालगतच्या रुईच्या झुडपावर सुरवंट सापडले, आणि ती घरी येऊन सांगू लागली, "आजोबा, ते पान खाऊन राहिले." अख्खं वाक्य, मराठीत. जे आम्हाला आठ वर्षांत जमलं नाही ते सुरवंटांनी तीन रविवारांत केलं.

पुढे सुरवंटांचे कोष झाले. पाच. येत्या रविवारी फुलपाखरं बाहेर येतील, असा बाईंचा अंदाज होता आणि त्यांनी मुलांना तसा शब्द दिला होता. जिन्यात मला म्हणाल्या, "एकदा शब्द मोडला ना, की ही मुलं मोबाइलकडे परत जातील. मग हाका मारत बसा."

दुर्दैवाने ही बातमी इथल्या आमच्या मराठी मंडळापर्यंत पोचली. कार्यकारिणीने ठरवलं, या स्तुत्य उपक्रमाला प्रोत्साहन दिलंच पाहिजे. रविवार तोच ठरला. एक निवृत्त अधिकारी पाहुणे म्हणून ठरले. निमंत्रणाचा मजकूर मी लिहिला. 'निसर्गाच्या सान्निध्यात' हे शब्द माझे, ते मी नाकारत नाही.

आमच्या मंडळात निम्म्याहून जास्त माणसं इथल्या सरकारी फॅक्टरीतून निवृत्त झालेली. त्यांची एक पद्धत आहे. साहेब तपासणीला येणार म्हटलं, की आधी जे रांगेत नाही ते काढून टाकायचं आणि मग जे उरेल त्याला गेरू आणि चुना लावायचा. नोकरी सुटली, पद्धत सुटली नाही. रविवारी सकाळी आम्ही बागेत शिरलो तेव्हा प्रत्येक झाड कमरेपर्यंत गेरू लावून, वर चुन्याचा पट्टा ओढून, पाहुण्यांची वाट पाहत उभं होतं. वाळलेलं एक पान कुठे दिसेल तर शपथ. कुंपणालगत नर्सरीतून भाड्याने आणलेल्या कुंड्या एका ओळीत मांडलेल्या.

बाई त्या कुंड्यांपाशी उभ्या राहिल्या. मंडळाचे सचिव हात चोळत आले.

"कसं वाटलं, बाई? दोन दिवस लागून राहिलो होतो."

"इथे रुई होती."

"ते झाड? काढलं ना! चीक जहरी असतो त्याचा, लेकरांच्या डोळ्यांत गेला तर? आता साहेब येऊन राहिले अन् तुम्ही काहून तोंड पाडून उभ्या?"

"त्यावर पाच कोष होते. मुलं आज त्यासाठी आली आहेत."

"अच्छा, फुलपाखरं! मग आधी सांगायचं ना. चलो, काही बिघडलं नाही. मंचामागे बॅनरवर छापलीत, बघा तर, केवढाली!"

छापली होती खरी. एकाला आठ पाय होते.

माळी झाडू घेऊन जवळच उभा होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "दीदी, साहब लोग बोले थे," तो म्हणाला. "पत्तों के साथ सब जला दिया."

नात धावत आली. "आजी, वो निकले क्या?" तिने बाईंना विचारलं. हिंदीत.

बाईंनी उत्तर द्यायच्या आत माइकवरून त्यांच्या नावाचा पुकारा झाला. त्या मंचावर गेल्या, शाल घेतली, नारळ घेतला. दोन शब्द बोला म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "पाचही कोष जळाले. मुलांनो, माझा शब्द खोटा ठरला. पुढच्या रविवारपासून आपला वर्ग या बागेत भरणार नाही." भाषण इतक्या लवकर संपल्याचा आनंद सर्वांना झाला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी शामियान्याच्या छताकडे बोट दाखवून आकाशाचं महत्त्व पुन्हा सांगितलं.

पुढच्या रविवारी बाई मुलांना दोन गल्ल्या सोडून एका रिकाम्या प्लॉटवर घेऊन गेल्या. दहापैकी सहा आली. नात गेली, पण कुरकुरत. तिथे विटांचे तुकडे आहेत, गाजरगवत आहे आणि माणसाच्या उंचीची रुई आहे. तिसऱ्या रविवारी नात घरी येऊन म्हणाली, "आजोबा, अंडी सापडली. पानाच्या खाली."

ही बातमीही पोचायची तिथे पोचली. सचिव मला भाजीच्या ठेल्यावर भेटले. "तिकडेही एक छोटासा कार्यक्रम करून टाकू," म्हणाले. मी घाबरून चौकशी केली. त्या प्लॉटवर दोन भावांचा दावा चालू आहे आणि निकाल लागेपर्यंत तिथे खांब रोवायला कोर्टाची मनाई आहे.