पुढच्या सीटवर किती माणसं

जव्हारात गाडी घ्यायची असेल तर आधी कासमचाचांना विचारायचं, आणि न विचारता घेतली असेल तर त्यांच्या दुकानासमोरून न्यायची नाही, एवढं शहाणपण गावात सगळ्यांना आलं होतं. स्टँडजवळ त्यांचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान. रेक्झिनवर कात्री चालायची, आणि कात्रीहून जास्त जीभ.

"हा बघा, क्लचवर पाय ठेवून निघाला! क्लच काय पायपुसणं आहे? आणि हा रिकाम्या रस्त्यावर हॉर्न कुणाला मारतोय, सासऱ्याला?"

गाडी म्हणजे फियाट, बाकी सगळा चाकं लावलेला पत्रा, हे त्यांचं मत. ती फियाट त्यांच्याकडे होतीही, दुकानामागे ताडपत्रीखाली. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ, थंडीत इंजिन गारठलेलं. बाहेर न काढायला बारमाही कारणं होती. ईदला तेवढी मशिदीपर्यंत जायची आणि यायची. बायको मदीना म्हणायची, "मी बाळंतपणाला दवाखान्यात पायी गेले. गाडीला सर्दी झाली असती ना!"

रविवारी शेजारच्या टीव्हीवर मोटारींची शर्यत लागली की चाचा तिथल्या ड्रायव्हरांनाही सोडत नसत. "अरे गाढवा, ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही!" पण एका गोष्टीसाठी त्या लोकांना सगळं माफ होतं. "एका गाडीत एक माणूस. ह्याला म्हणतात इज्जत!"

कारण त्यांचं खरं हाडवैर होतं जव्हार-मोखाडा-खोडाळा लायनीच्या जीपवाल्यांशी. पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून तीन माणसं, हा चाचांचा कायदा. जीपवाले चौथा कोंबायचे. मग ड्रायव्हर निम्मा दाराबाहेर लटकायचा, गिअरपर्यंत त्याचा हात पोचायचा नाही, आणि शेजारी बसलेल्या पॅसेंजरने गिअर टाकायचा. ड्रायव्हरने क्लच दाबून "हं" म्हणायचं, पॅसेंजरने दांडा ओढायचा. लायनीवर कुणालाच ह्याचं नवल नव्हतं. पोरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळे टाकायचे. "ही गाडी नाही, कोंबड्यांचं खुराडं आहे!" चाचा म्हणायचे, आणि जव्हारच्या बाहेर शक्यतो पडायचेच नाहीत.

आता असल्या माणसाच्या पोरीचं लग्न जमायचं म्हणजे काय खायचं काम आहे का? झेबा मोखाड्याला शिवणवर्ग चालवायची, रोज जीपनेच जायची. तिला आलेलं एक स्थळ मुलगा उतारावर न्यूट्रल करतो म्हणून गेलं. दुसरं, तो आरशात रस्त्याऐवजी भांग बघतो म्हणून. मदीना कपाळाला हात लावून बसली. शेवटी खोडाळ्याचा शहबाज चाचांच्या परीक्षेत पास झाला. सिमेंटचं दुकान, स्वतःची चकचकीत गाडी, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"विचार करून सांगते, अब्बा," झेबा म्हणाली.

"विचार कसला? मुलगा मोकळ्या रस्त्यावरसुद्धा साइड दाखवतो, साइड!"

झेबा पिशवी उचलून जीप गाठायला निघाली. चाचांनी तो होकार धरला आणि बोलणी पक्की करायला तिघं खोडाळ्याला निघाली. फियाट? छे! खोडाळ्याचा रस्ता फियाटच्या लायकीचा नव्हता. निघाली जीपनेच.

जीप वासिफची होती, मोखाड्याच्या पोराची. चाचांना बघून त्याने सलाम केला आणि घाम पुसला. त्यात मोखाड्याचा बाजार. मोखाड्यात टोपल्या, कोंबड्या, नागलीची पोती, माणसं, सगळं आत शिरलं. मायलेकी धरून पुढे चौघं झाली. वासिफ दाराबाहेर सरकला आणि त्याच्या शेजारी, गिअरचा दांडा दोन गुडघ्यांमध्ये घेऊन, कोण? साक्षात कासमचाचा.

"चाचा, पोशेऱ्याचा चढ आला. दुसरा टाकाल?" वासिफ चाचरत म्हणाला. "हं!"

जन्मभर दुसऱ्यांचे गिअर ऐकलेल्या चाचांनी दांडा ओढला. गिअर असा करकरला की मागच्या कोंबड्या फडफडल्या. "हं!" पुन्हा करकर. जीप गचके खात बंद पडली आणि मागे घरंगळायला लागली. वासिफने ब्रेक दाबून धरला.

मागून पोशेऱ्याची धोंडीबाई ओरडली, "अरं, त्या बाबाला उठव रं! पोरीला बसव तिथं. तिचा हात बसलाय!"

जीपभर हशा पिकला. चाचांचे कान लाल झाले. झेबा खाली बघून म्हणाली, "रोजचंच आहे, अब्बा. कुणालाही टाकावाच लागतो." मग काय, चाचा कडेला सरकले, मधे मदीना, आणि झेबा दांड्याशी.

जीप निघाली. चाचा तोंड फिरवून बसले, पण कान कसे फिरवणार? पहिला पडला. दुसरा पडला. वळणावर पुन्हा पहिला, चढ संपताच तिसरा. लोण्यात सुरी जावी तसा. इतका मऊ गिअर चाचांनी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. वा, असं त्यांच्या तोंडून निघणारच होतं, आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं. वासिफ "हं" म्हणतच नव्हता! ह्याचा पाय कधी दाबणार हे हिला ठाऊक, हिचा हात कधी उठणार हे त्याला. एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हती दोघं. दोन माणसांचं असं जुळायला वर्षं लागतात, हे चाचांना मदीनाबरोबर एवढा संसार करून चांगलं माहीत होतं. अजून त्यांचंच कुठे जुळलं होतं!

खोडाळ्याच्या स्टँडवर शहबाज गाडी घेऊन हजर होता. त्याने दार उघडलं, आवाज न करता लावलं, साइड दाखवून गाडी काढली. खोट काढायला जागाच नव्हती.

"चाचा, तुमच्या मुलीला आमच्याकडे कशालाही हात लावावा लागणार नाही," शहबाज अदबीने म्हणाला. "नुसतं आरामात बसायचं."

चाचांनी आरशातून मागे पाहिलं. झेबा बसली होती. दोन्ही हात मांडीवर, डोळे काचेबाहेर, आणि गालावरून पाणी चाललेलं. ती पुसतही नव्हती. चाचांना गलबलून आलं.

"शहबाजबेटा, गाडी फिरव," ते म्हणाले. "तुझ्यात काही कमी नाही, अल्लाशपथ. पण फिरव."

"झेबाचे अब्बा! अहो, लोकांनी जेवण रांधलंय!" मदीना किंचाळली.

"मी येऊन माफी मागीन. आधी स्टँडवर चल."

वासिफ स्टँडवर चहा पीत होता. चाचा समोर उभे राहिले तशी त्याने बशी खाली ठेवली.

"तुझी सीट फाटलीय," चाचा गरजले. "माझी मुलगी असल्या सीटवर बसणार नाही. वडलांना घेऊन घरी ये, आणि येताना जीप आण. नवी सीट मी शिवतो. आणि कायद्याने! पुढं तीनच माणसं. चौथा दिसला तर याद राख!"

वासिफला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याने झेबाकडे पाहिलं, मग मान खाली घालून हळूच म्हणाला, "चाचा, तिघंच बसली तर गिअर मलाच पोचतो."

झेबाच्या ओल्या चेहऱ्याकडे बघत चाचांनी दोनदा घसा खाकरला.

"बरं," ते म्हणाले, "चौघांची शिवतो."