अक्कानं जोडलेली गाडी

त्र्याहत्तरच्या जानेवारीत मी भिंगार सोडलं, त्या सकाळी गाडी माझ्याकडून सुरूच होईना. दुष्काळाचं साल. नळाला तासभरच पाणी यायचं, त्यामुळे सात वाजता आळीतली झाडून सगळी माणसं बाहेर होती. पोरगा नोकरीला निघालाय, तोही मोटरसायकलवर बसून पुण्याला, म्हणून घागरी खाली ठेवून बघत उभी होती. मी दहा-बारा किका मारल्या. गाडी खोकायची आणि गप्प व्हायची. मग अक्का ओट्यावरून खाली उतरली.

"पेट्रोल लई झालंय तिला," एवढंच ती म्हणाली. टाकीखालचा कॉक तिनं बंद केला, मला ॲक्सिलरेटरची मूठ पुरती पिळून धरायला सांगितली, साडी थोडी वर खोचली आणि तिसऱ्या किकेला गाडी चालू करून दिली. नळावरची एक बाई हसून म्हणाली की गाडीला बहिणीचा पाय चांगला ओळखीचा दिसतोय. मीही हसलो. आईनं डोळ्याला पदर लावला, आण्णा बाजेवरून म्हणाले, "सुरेस, सायबाला उलट बोलू नको." अक्काकडे मात्र मला बघवलं नाही. गाडी तिनं जोडली होती, आणि ती मी जोडली असं सांगून मी नोकरी मिळवली होती.

चिंचवडला आमच्या सोसायटीत नगर जिल्ह्यातली बरीच कुटुंबं आहेत. गणपतीत जमलो की जो तो आपण हिमतीवर कसे वर आलो ते सांगतो. माझी पाळी आली की मीही सांगत आलो. त्यात मोटरसायकल असायची, अक्का नसायची. आज ती घालून सांगतो.

आमचे वडील, आण्णा, भिंगारला लष्करी वर्कशॉपात फिटर होते. तिथल्या भंगाराच्या लिलावात त्यांनी एक जुनी विलायती मोटरसायकल घेतली, महायुद्धाच्या काळातली, सव्वाशे सीसीची. बारीक चणीची, सायकलीपेक्षा थोडीच जड. मोटरसायकल कसली, एक सांगाडा आणि दोन गोणपाटं भरून सुटे भाग. घराच्या मागे पत्र्याची शेड होती, तिथं त्यांनी ती ठेवली. रिटायर झाल्यावर निवांत जोडू, म्हणाले. पण त्याआधीच त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं हळूहळू परत आलं, हात आला नाही.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला श्रीगोंद्याला दिली होती. लग्नाला दीड वर्ष होतं न होतं तोच नवऱ्यानं दुसरं लग्न केलं आणि ती परत आली. घरात त्यावर कुणी बोलत नसे. ती दिवसभर आण्णांचं करायची. एक दिवस आण्णांनी तिला शेडमधली गोणपाटं आणायला सांगितली आणि बाजेवर पडल्यापडल्या एकेका भागाचं नाव सांगायला लागले. त्यांचा वेळ जावा म्हणून ती ऐकायला बसली, आणि बसली ती बसलीच.

पुढे वर्ष-सव्वा वर्ष दुपारची कामं आटोपली की ती शेडमध्ये असायची. गंजलेल्या टाकीत रॉकेल आणि मूठभर खिळे घालून ती तासन्‌तास हलवायची. इंजिनच्या सांध्यांत बसणारी गॅस्केटं पुठ्ठ्याची, हातानं कापलेली. क्लचमध्ये बुचं असतात, ती पार झिजली होती. ती कुठं मिळणार? तिनं कॅन्टोन्मेंटच्या दवाखान्यातून औषधाच्या बाटल्यांची बुचं मागून आणली, रात्रभर भिजत घातली, पात्यानं कापून एकेक बसवलं. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधली फट मोजायला आण्णांची दाढीची चार पाती एकावर एक धरायची. पहिल्यांदा इंजिन फुरफुरलं तेव्हा आण्णा डाव्या हातानं बाजेवर थापा मारत होते. ती हसली. श्रीगोंद्याहून आल्यापासून मी तिला तशी हसताना पाहिली नव्हती.

आणि मी? मी नगरला आयटीआयला जात होतो, म्हणजे घरून निघत होतो. निम्मे दिवस थिएटरात जायचे. शेडमध्ये मी कधीमधी पाना हातात द्यायला गेलो असेन.

आण्णांना भेटायला त्यांचे वर्कशॉपातले जुने साहेब आले, ते आपल्या मेहुण्यांना घेऊन. मेहुणे चिंचवडच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. पाणी प्यायला मागच्या बाजूला गेले आणि गाडीपाशी थबकले. खाली बसून बघायला लागले. टाकीवर अक्कानं ब्रशनं पिवळी रेघ ओढली होती, तिच्यावरून त्यांनी बोट फिरवलं. मग विचारलं, "हे कुणी केलं?"

मी जवळच उभा होतो. "मी," म्हणालो.

शब्द तोंडातून कसा गेला ते मला आजही सांगता येत नाही. ठरवून बोललो नव्हतो. पण परत घ्यायला वेळ होता, भरपूर होता. त्यांनी क्लचचं विचारलं. मला उत्तर येईना. तेव्हा आण्णा आतून, जड जिभेनं म्हणाले, "बुचं हायेत, सायेब. पोरानंच कापली." तेवढ्यात अक्का चहा घेऊन दारात आली. तिनं ते ऐकलं. तिच्या नखांत काळं ऑइल होतं, सहजी निघत नसे ते. कपबशा ठेवून तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "साखर बघा बरं," म्हणाली आणि आत गेली.

पाहुणे गेल्यावर अक्कानं कपबशा उचलल्या. ती आत गेल्यावर आण्णा म्हणाले, "तिला कोन नोकरी देनार हुतं?" ते खरंच होतं. मी पुढं कित्येक वर्षं त्या वाक्याच्या आडोशाला उभा राहिलो.

पंधरा दिवसांत बोलावणं आलं. येताना ती गाडी घेऊन या, आमच्या लोकांना दाखवू, असंही लिहिलं होतं. म्हणून गाडी माझ्याबरोबर निघाली. अक्काला कुणी विचारलं नाही.

कारखान्यात पहिल्याच आठवड्यात मला इंजिन खोलायला दिलं. तब्येत बरी नाही सांगून मी खोलीवर आलो आणि अक्काला पत्र लिहिलं. चौथ्या दिवशी तिचं आंतर्देशीय आलं. सातवीपर्यंत शिकलेली ती, पण पत्रात पिस्टनच्या रिंगांची चित्रं काढली होती, तोंडं कुठं यायला पाहिजेत तिथं बाण. खाली लिहिलं होतं, 'घाई करू नको. घाईनं रिंग मोडती.' मग मी दर आठवड्याला विचारत गेलो आणि ती सांगत गेली. सहा-सात महिने मी तिच्या पत्रांवर नोकरी केली. एकदा कँटीनमध्ये शेजारच्यानं ते पत्र पाहिलं. बाईचं अक्षर, त्यात इंजिन. बायको शिकवते वाटतं, म्हणून टेबलभर हशा झाला. त्यानंतर मी विचारणं बंद केलं. तोवर मला थोडंफार यायलाही लागलं होतं. घरी नुसतं 'मी मजेत आहे' लिहायचो.

पुढं लग्न झालं, भाड्याची खोली झाली, गाडी ठेवायला जागा नव्हती. एका ओळखीच्याला हवी होती, देऊन टाकली. दिवाळीत घरी गेलो तेव्हा अक्कानं गाडीची चौकशी केली. "दिली," म्हणालो. तिनं मान डोलावली आणि करंज्यांची ताटली पुढं केली.

मी सुपरवायझर झालो, नंतर फोरमन. आई-आण्णा गेले. अक्का भिंगारलाच राहिली, दोन खोल्यांत. बायकांच्या शिलाई मशिनी, स्टोव्ह दुरुस्त करायची. मी रिटायर झालो तेव्हा निरोप समारंभाला तिला आग्रहानं बोलावलं. पहिल्या रांगेत बसवलं. मॅनेजर भाषणाला उठले आणि त्यांनी तीच गोष्ट सांगितली. विशीतला खेड्याकडचा मुलगा, दोन गोणपाटं भंगार, औषधाच्या बाटल्यांची बुचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्कानंही वाजवल्या. मी स्टेजवर हार गळ्यात घालून बसलो होतो. तेव्हाही उठून सांगता आलं असतं.

घरी आल्यावर मुलं-सुना आत गेली आणि गॅलरीत आम्ही दोघंच उरलो. मी म्हणालो, "अक्का, त्या दिवशी मी खोटं बोललो."

ती रस्त्यावरच्या गाड्या बघत होती. तशीच म्हणाली, "त्याचं न्हाई रे काही. नोकरी तुलाच मिळनार हुती. पर तू पत्रात इचारायचं बंद केलंस. मी रोज पोस्टमनची वाट बघायची. वाटायचं, आज सुरेसचं काहीतरी अडलं असंल."

मला वाटलं होतं, माझा गुन्हा एका शब्दाचा आहे. तो त्याहून कितीतरी लांब होता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती गेली. माफ केलं असं म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. आता महिन्यातून एकदा मी भिंगारला जातो. ती एखादी मशीन उघडून बसलेली असते. मी पलीकडे बसतो, तिनं मागितला तर पेचकस देतो.

तुमचं घर कुठं, असं कुणी विचारलं की मी अजून चिंचवडचाच पत्ता सांगतो. तिथं मला सगळे मान देतात. पण मला किती येतं आणि किती कधीच येत नव्हतं, हे नेमकं जाणणारं एकच माणूस भिंगारला राहतं. तिच्यासमोर माझी मान आपोआप खाली जाते. तशी मान खाली घालून बसता येईल अशी दुसरी जागा मला नाही.