देवाला दाखवलेली आदोळी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, यांनी जन्मात एकही वस्तू एकट्याने पाहिलेली नाही. नवी छत्री घेतली की सकाळी पाव विकायला येणाऱ्या पोदेराला सायकलवरून उतरवून ती उघडून दाखवणार. पाव गार झाले तर होवोत. रक्तदाबाचा रिपोर्टसुद्धा अख्ख्या इब्रामपूरच्या ओसऱ्यांवर फिरून येतो. "दाखयल्याबगर वस्तू पुरी जायना रे," हे त्यांचं तत्त्वज्ञान. तुयेच्या कारखान्यात वेल्डिंग करण्यात उमर गेली, पण 'ही माझी' म्हणता येईल अशी एकही वस्तू तिथून बाहेर पडली नाही, ही एक खंत मात्र ते कुणाला दाखवत नसत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आदोळी केली, म्हणजे नारळ खवायची विळी. पण काय रूप! पातं मान वळवलेल्या बगळ्यासारखं, पाट त्याच्या अंगासारखा. मी डिचोलीला एका वकिलांकडे डिझाइन नोंदणीचे अर्ज भरतो. म्हटलं, भावजी, हे रूप तुमच्या नावावर करू या. झालं, डोक्याला कायमचा ताप! आदोळीचे चारही बाजूंनी फोटो मागवले, तर प्रत्येक फोटोत हे स्वतः खोबरं खवताना हजर. "कशी खवता ता बघ!" अहो, खवण्याचं नाही, दिसण्याचं संरक्षण मिळतं! "मगे मी काय वायट दिसतंय?"

अट एकच घातली होती: अर्ज जाईपर्यंत कुणाला दाखवायची नाही. आधीच चारचौघांत आली की ती नवी राहत नाही, नोंदणी मिळत नाही. त्यांनी शपथ घेतली. बहिणीलासुद्धा हात लावू देईनात. आणि चवथीला जाऊन बघतो तर काय, गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीत, तवशी आणि तोरंजनांच्या मधोमध, बगळा लोंबकळतोय! सगळा वाडा फोटो काढतोय आणि भावजी खाली उभे राहून माहिती देतायत. मी कपाळावर हात मारून घेतला. "नवी वस्तू आदी देवाक दाखवक नको?" वर मलाच विचारतात! "मी देवाक दाखयली. लोक मदी इले, तेका मी काय करू?"

अर्ज बुडाला. पुढे तशाच आदोळ्या बाजारात आल्या. मी संतापाने लाल, आणि हे त्या विकणाऱ्याला मानेचा बाक कुठे चुकलाय ते शिकवून आले! घरी येऊन मात्र जेवले नाहीत, असं बहीण म्हणाली.

यंदा त्यांनी समई केली. या वेळी अर्ज मी वेळेत धाडला आणि चवथीच्या आधी फोन करकरून सांगितलं, आता खुशाल दाखवा. गेलो तर गणपतीपुढे जुनीच समई तेवत होती. नवी बाजूला, टॉवेलात गुंडाळलेली, वरून सुतळीच्या गाठी. लोक येत होते, प्रसाद घेऊन जात होते; भावजी कुणालाच थांबवत नव्हते.

"अहो, अर्ज गेला! सोडा त्या गाठी, पेटवा ती!" मी जवळजवळ ओरडलोच. इतका शहाणा झालेला हा माणूस मला बघवेना.

"रवांदे रे," ते हळूच म्हणाले. "आत काय आसा ता देवाक कानात सांगलंय."