सहा बोटांची आजी आणि मी

आयर्लंडमधल्या एका खानदानी मांजरीच्या घराण्यात माझी रीतसर नोंद झालेली आहे. तीही आजी म्हणून!

मुग्धा, म्हणजे माझी बायको, इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करते. विषय: जातिवंत मांजरांच्या पंजांना जादा बोटं का येतात आणि ती आईकडून पिल्लांकडे कशी जातात. (हे पुण्याला फोनवर सांगितलं तेव्हा आईनं आधी टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाली, "घरी सगळं ठीक आहे ना रे?")

आम्ही डब्लिनच्या ओंगार भागात राहतो. शेजारच्या ब्रीडाबाईंची डचेस ही भलीमोठी, झुबकेदार मांजर. पुढच्या पंजांना सहा-सहा बोटं! तिच्या लेकीला तशीच, नातवंडांनाही तशीच. तीन पिढ्या भिंतीपलीकडे म्हणजे मुग्धाला घबाडच सापडलं होतं. सगळ्यांचे डीएनएचे नमुने घेऊन झाले, फक्त आजी राहिली. आणि ब्रीडाबाई दुसऱ्याच दिवशी डचेसला घेऊन आपल्या मुलीकडे डंडॉकला राहायला निघालेल्या. नेमकं त्या दुपारी मुग्धाला गाइडनं बोलावलं.

"मंदार, आजीवाचून माझा अख्खा चॅप्टर अडलाय. गालाच्या आत ही कापसाची काडी अर्धा मिनिट फिरवायची, पाकिटात घालायची, लॅबला पोस्ट करायची. जमेल?"

"त्यात काय आहे!"

"तंद्री लावणार नाहीस ना?"

"छे!"

(माझं ऑफिस सँट्रीला, विमानतळाच्या जरा अलीकडे आहे. बसमध्ये तंद्रीत बसून राहिल्यामुळे मी आजवर दोनदा थेट विमानतळावर जाऊन उतरलोय. एकदा तर एका बाईंनी मला 'हॅपी हॉलिडे'सुद्धा म्हटलं.)

ती दुपारच तशी होती हो! बाहेर पडतोय की नुसता तरंगतोय ते कळू नये असा पाऊस, खिडकीत दुधासारखा उजेड आणि आमच्या सोफ्यावर तासाभरासाठी मागून आणलेल्या डचेसची संथ घरघर. मी काडी पुढे केली. डचेसनं तोंड घट्ट मिटलं.

"शी वोन्ट डू इट, बाबा," इरा म्हणाली. इरा आमची सात वर्षांची लेक. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डब्लिनचं येतं.

आता तोंड न उघडणाऱ्यापुढे मराठी बाप काय करतो? आधी स्वतः करून दाखवतो! इराच्या तापातलं पहिलं चमचाभर औषध नेहमी माझ्याच पोटात गेलंय. पाकिटात एक काडी जास्तीची होतीच. "हे बघ डचेस, बाबा पण घेतो हं! आऽऽ!" म्हणत मी ती माझ्या गालात फिरवली. डचेस टक लावून बघत राहिली. मग तिनं ही मोठ्ठी जांभई दिली आणि मी दुसरी काडी हळूच तिच्या गालात सारली.

एक, दोन, तीन... तिचा ऊबदार पंजा माझ्या मनगटावर होता. सहा बोटं. मला वाटलं, पहिलं जादा बोट कुणाला आलं असेल? धुक्यातल्या कुठल्याशा बंदरावर एक मांजर जहाजातून उतरली असेल, मागे तिची पिल्लं, त्यांची पिल्लं, ओल्या वाळूत सहा-सहा बोटांचे ठसे उमटत गेले असतील... ते ठसे थेट एका व्यासपीठावर पोचले. तिथे मुग्धा सांगत होती, "हे सगळं केवळ मंदारमुळे..." टाळ्या पडत होत्या. माझ्या दोन्ही हातांत एकेक काडी होती.

"बाबा, यू आर आफ्टर मिक्सिंग देम अप!" (म्हणजे डब्लिनच्या भाषेत, 'घातलास ना घोळ!')

"हो गं राणी," म्हणत मी एक काडी पाकिटात घातली, दुसरी कचऱ्यात टाकली आणि शीळ घालत पोस्टात जाऊन आलो.

पंधरा दिवसांनी लॅबचा मेल आला. मुग्धानं तो दोनदा वाचला.

"मंदार, डचेस माणूस निघाली."

"काय सांगतेस!"

"पुरुष."

"आय टोल्ड हिम," इरा म्हणाली.

"तू काडी स्वतःच्या तोंडात घातलीस?"

"तिला धीर यावा म्हणून गं..."

ती ओरडली असती तर परवडलं असतं. पण ती नुसती खुर्चीत बसली आणि तिचे डोळे भरून आले. "तीन आठवड्यांत चॅप्टर द्यायचाय रे," एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी तिघांनी डंडॉक गाठलं. "अह, यू आर ग्रँड!" (म्हणजे 'असू दे हो!') म्हणत ब्रीडाबाईंनी चहा ठेवला. डचेस सोफ्याखाली. मुग्धानं विनवलं, चुचकारलं, मासा दाखवला. जबडा काही उघडेना. शेवटी डचेसची नजर माझ्यावर पडली. बाहेर आली, माझ्यासमोर बसली आणि तोंडाकडे टक लावून बघायला लागली.

"वाट बघतेय ती तुझी!" मुग्धा कुजबुजली. "घाल! तूच घाल आधी!"

ब्रीडाबाईंच्या गालिच्यावर बसून, काडी गालात घालून, मी आऽऽ केलं. डचेसनं जांभई दिली. मुग्धानं डाव साधला. आणि माझी काडी? ती इरानं हिसकावून थेट बाहेरच्या कचरापेटीत टाकली.

चॅप्टर वेळेत गेला. प्रबंधही छापून आला. सुरुवातीला आभार होते: गाइडचे, ब्रीडाबाईंचे, 'दक्षतेबद्दल' इराचे, 'संयमाबद्दल' डचेसचे. मी पानं उलटत राहिलो. सापडलो एकदाचा, शेवटच्या तक्त्यात! 'आजी, पहिला नमुना. जादा बोटं: नाहीत. संशोधनास निरुपयोगी. वगळला.'

मी ते आईला फोनवर मराठी करून वाचून दाखवलं.

"एवढ्यासाठी पीएच.डी. कशाला करायची?" आई म्हणाली. "तू निरुपयोगी आहेस हे मी तिला लग्नाच्या बैठकीतच सांगितलं होतं!"