गुरांच्या डोणीतले बेडूक

माझं माहेर कोल्हारचं, प्रवरेच्या काठावरचं. तिकडे बेडूक न्हाणीत असायचे, पाटात असायचे, कधी चपलेतही निघायचे. त्यांच्याकडे कुणी मुद्दाम बघत नसे. लग्न होऊन मी पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात आले आणि पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला. गावातल्या एकीदोघींनी माझ्या पायगुणाचा विषय काढला. माझ्या सासूबाईंनी (आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो) त्यांना तिथल्या तिथे गप्प केलं. "पाऊस काय सुनांच्या पायानं येतो व्हय? तसं आसतं तर म्या माझ्याच पायानं कवाच आनला आसता!"

विहिरीचा तळ उघडा पडला तेव्हा मामंजी आणि माझे यजमान गाळ काढायला आत उतरले. वर आलेल्या पाट्या ओतायचं काम माझ्याकडे होतं. एका पाटीतला चिखल हलला. बघते तर तीन बेडूक. दोन लांब पायांचे, पाठीवर पट्टे असलेले. तिसरा जाडजूड, खरखरीत पाठीचा, नुकताच झोपेतून उठवल्यासारखा. बांधावर कावळे टपून होतेच. मी तिघांना रिकाम्या पाटीत घातलं, वर ओलं गोणपाट टाकलं आणि घरी आणलं.

आत्याबाईंनी गोणपाट उचललं आणि तसंच खाली टाकलं.

"ह्ये काय आनलंस?"

"विहिरीत होते. तिथं ठेवले असते तर कावळ्यांनी खाल्ले असते."

"मानसांला टँकरची वाट बघावी लागती, आन् तू बेडकांला पानी पाजनार?"

"पिण्याच्या पाण्यातलं थेंबभरही घेणार नाही," मी म्हटलं. कसं जमणार होतं ते मात्र मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आमची गुरं चारा-छावणीत गेली होती, त्यामुळे त्यांना पाणी पाजायची गोठ्यातली दगडी डोण रिकामी पडली होती. गाळातून उपसलेलं गढूळ पाणी मी पोहऱ्याने आणून तिच्यात ओतलं आणि बेडूक सोडले. बेडकाला पाणी मिळालं की झालं, अशी माझी समजूत. संध्याकाळी पाहिलं तर तिघंही एका कोपऱ्यात भिंतीला पाय टेकून कसेबसे तरंगत होते. डोणीच्या भिंती सरळ आणि गुळगुळीत, वर चढायला जागा नाही. जाडजूड बेडकाचं तर नाकच तेवढं बाहेर होतं.

"पोहून पोहून मरतील ते," यजमान म्हणाले. "त्यांना बसायला नको का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी डोण निम्मी रिकामी केली. एका बाजूला दगड रचले, त्यावर विहिरीतलाच गाळ आणि वाळू थापून उतार केला. वरच्या अंगाला मोरीजवळच्या हरळीचे गड्डे लावले. फुटक्या माठाचं एक खापर पालथं घातलं, म्हणजे उन्हाचं त्याखाली शिरता येईल. खालच्या अंगाला वीतभर पाणी. ऊन लागून दगड तापू नये म्हणून यजमानांनी वर तुराट्यांचा छोटा मांडव घातला. पाण्याचीही सोय निघाली. रांजण पाझरून खाली थेंब पडत आणि ओटा नुसताच ओला होई. तिथे मी वाडगं ठेवलं. दिवसभरात ते भरायचं. डोणीतलं जुनं घाण पाणी मी आत्याबाईंच्या वांग्याच्या रोपांना घालू लागले. रोपं तरारली, तशी आत्याबाईंची कुरकुर थोडी कमी झाली.

खाण्याचं मात्र अडलं. मी रेशनवरच्या मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या बेचव ज्वारीच्या, भाकरीचा चुरा टाकला. बेडकांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मामंजी दुष्काळी कामावरून खडी फोडून यायचे. दमलेले, हात सोललेले. त्यांनी माझा पडलेला चेहरा पाहिला, गोठ्यातला एक वाळवी लागलेला वासा आणला आणि डोणीच्या कडेवर आपटला. वाळवी खाली सांडली. जाडजूड बेडकाची जीभ कधी बाहेर आली आणि कधी आत गेली ते कळलंही नाही.

"आरं तिच्या!" मामंजी उकिडवे बसले आणि हसायला लागले. त्या वर्षी त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग कामावरून आल्यावर हात धुवायच्या आधी त्यांची पहिली फेरी डोणीकडे असायची.

बेडूक बाहेर पडू नयेत म्हणून रात्री डोणीवर गोणपाट ओढायचो, ते एकदा नीट ओढायचं राहिलं. आत्याबाई भाकरी थापत होत्या आणि पट्ट्याचा एक बेडूक थेट परातीत, पिठाच्या गोळ्यावर येऊन बसला. मी धावले. वाटलं, आता आज सगळे बेडूक उकिरड्यावर जाणार. आत्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तोही त्यांच्याकडे बघत होता, तोंडाला पीठ लागलेलं.

"ह्याला बी मिलो आवडत न्हाई," त्या म्हणाल्या. "उचल त्याला."

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी गावात धोंडी काढायचं ठरलं. धोंडी म्हणजे पावसासाठी दारोदार पाणी मागायचं. तिथल्या रीतीने मुसळाला कडुलिंबाचा पाला आणि एक बेडूक उलटा बांधायचा, आणि प्रत्येक घरच्या बाईने त्यावर तांब्याभर पाणी घालायचं. पण गावात बेडूक कुठून असणार? आळीतल्या बायका आमच्या दारात आल्या.

"तुमच्यात हायेत म्हनं. एक द्या."

पावसासाठी मागणाऱ्यांना नाही कसं म्हणायचं? मी काही बोलायच्या आत आत्याबाई उठल्या.

"देते की. पर बांधायचा न्हाई."

"आवो, बांधल्याबिगर कशी धोंडी?"

"पाऊस मागायचा तर त्याला टांगून मागायचा व्हय? उलटं टांगलेला काय मागंल द्येवाकडं? घमेल्यात बसवून न्या. म्या धरते घमेलं."

बायकांतली एकजण हसली, आणि तिथे सगळं मिटलं. घमेल्यात ओली वाळू, वर लिंबाचा पाला, आणि मधोमध आमचा जाडजूड बेडूक. आत्याबाई घमेलं डोक्यावर घेऊन पुढे निघाल्या. ज्या गावात हंड्यासाठी भांडणं होत होती, तिथे घराघरातून बायका तांब्या घेऊन बाहेर आल्या. अर्धं पाणी बेडकावर, अर्धं आत्याबाईंच्या अंगावर. घरी परतल्या तेव्हा त्या नखशिखांत भिजल्या होत्या.

"त्याचं काय, बसला हुता ऐटीत," त्या पदर पिळत म्हणाल्या. "आंघोळ माझीच झाली, आन् ती बी वरीसभरात पयल्यांदा मनासारखी!"

त्या दिवशी पाऊस आला नाही, त्यानंतरही बरेच दिवस नाही. आला तेव्हा चांगला आला. गुरं छावणीतून परतली आणि डोण त्यांना हवीच होती. मी गोणपाट काढून ठेवलं. पट्ट्याचे दोघे आपणहून ओढ्याकडे गेले. जाडजूड मात्र गेला नाही. मामंजींनी मोरीच्या कडेला दोन दगड आडवे लावून त्याला खोपा करून दिला आणि आत्याबाईंना बजावलं, "हितं साबनाचं पानी सोडायचं न्हाई."

"मला शिकवा तुमी!" म्हणत आत्याबाई धुण्याची बादली घेऊन ओढ्याकडे निघाल्या.