साहेब बसली का?

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत तो कामाला लागला, त्या दिवशी इस्त्रीच्या टेबलापाशी कुणीतरी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणालं, "ही काडी इस्त्री उचलणार, की इस्त्री हिला उचलणार?" तेव्हापासून त्याचं नाव काडी. धुतलेल्या चादरी वॉर्डांत पोचवणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर अंगाने त्याच्या दुप्पट. जेवणाच्या सुट्टीत दोघं शेजारी बसायला लागले आणि लॉन्ड्रीने दोघांना मिळून एकच नाव दिलं, काडीपेटी.

काडी पलीकडच्यांपैकी. त्याचे आजोबा पोटासाठी सरहद्द ओलांडून आले होते. बाप इथे जन्मला, तो इथे जन्मला, त्याची मुलगी इथल्याच शाळेत जात होती, तरी इथल्या लोकांच्या तोंडी ते सगळे 'पलीकडचे'च. पेटी मात्र पिढ्यान्‌पिढ्या इथला. दोघांचं जमलं ते चेष्टेमुळे. काडी आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या नकला करायचा, पेटी आपल्या काकांच्या. वाफेने कोंदलेल्या त्या शेडमध्ये बायका चादरी घडी करता करता पोट धरून हसायच्या. मग कामगारांच्या हॉलमध्ये महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दोघांचा कार्यक्रम सुरू झाला. दोन खुर्च्या, एक माइक. नियम एकच होता आणि तो कुणी मांडलाही नव्हता: ज्याने त्याने आपल्या माणसांना हसायचं.

सगळ्यांत गाजायची ती काडीच्या आईची नक्कल. आई लग्न होऊन पलीकडून आलेली, लवकर विधवा झालेली. एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीचे जिने पुसायची. त्यांच्या भाषेत बाई आणि बाप्या यांना क्रियापद एकच, त्यामुळे इथली भाषा बोलताना तिचा सगळा गोंधळ. बड्या साहेबाला ती बिनदिक्कत म्हणायची, "साहेब, तू आली? जिना ओला हाय. पडली तर? बस ना. साहेब, बसली का?" काडीच्या नकलेत शेवटी तो साहेब इतका भांबावायचा, की बसू की उठू, की आधी आरशात बघून येऊ, हेच त्याला कळेनासं व्हायचं. लोक हसायचे ते साहेबाला. आणि आई स्वतः पहिल्या रांगेत बसलेली असायची. मध्येच ओरडायची, "खोटं बोलते ही. मी असं नाही बोलला." हॉल कोसळायचा. लेकापेक्षा जास्त टाळ्या तीच घेऊन जायची.

पेटीचं त्या घरात जाणं-येणं घरच्यासारखं. त्याची आई त्याच्या लहानपणीच गेली होती. काडीच्या आईने त्याला कधी पाहुणा मानलं नाही. ताट वाढताना आधी त्याच्या पुढ्यात ठेवायची आणि काडीला म्हणायची, "तुला काय घाई? तू रोजचाच." ती तिच्या भाषेत बोलायची, तो आपल्या भाषेत उत्तर द्यायचा. कुणाचं काही अडत नव्हतं.

मग एका शनिवारी पेटीने आपल्याच समाजाच्या पुढाऱ्याची नक्कल केली. हुबेहूब केली, तेच नडलं. पुढाऱ्याच्या माणसांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हॉलला कुलूप पडलं. लॉन्ड्रीच्या मॅनेजरने काडीला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तू कशाला यात पडतोस? लिहून दे की हे सगळं तो त्याच्या मनाने बोलला. तुझा संबंध नाही. तुमच्या लोकांनी तर जास्तच जपून राहायला हवं."

"कार्यक्रम दोघांचा आहे," काडी म्हणाला.

"माफी माग म्हणजे मिटेल."

"कशाची माफी, साहेब? हसायला परवानगी लागते का?"

हे वाक्य त्याच दिवशी लॉन्ड्रीभर झालं. लेखी काही मिळालं नाही म्हणून पेटीची नोकरी वाचली. काडीला मात्र इस्त्रीवरून काढून मळक्या चादरींच्या खोलीत टाकलं. रक्ताच्या वेगळ्या, उलटीच्या वेगळ्या, असं निवडायचं काम. नाकावर फडकं बांधून तो वर्षभर ते करत राहिला. घरी गेल्यावर मुलगी जवळ यायची नाही, इतका वास अंगात मुरलेला. वस्तीतल्या मोठ्यांनीही त्यालाच झापलं, "त्यांच्या पुढाऱ्याशी आपल्याला काय घेणं?" पेटीला हे सगळं ठाऊक होतं. तो त्या खोलीच्या दारात येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "काडी, हे मी जन्मात विसरणार नाही."

पुढे निवडणुकीत तो पुढारी पडला, कुलूप निघालं, काडी इस्त्रीवर परत आला. पेटीला मात्र आता लॉन्ड्री पुरेना. मोठ्या शहरात एकट्याने कार्यक्रम करणाऱ्यांचे दिवस आले होते. लोक तिकीट काढून यायचे, मग तेच फोनवर पाहायचे. त्याने काडीला बोलावलं, पण काडीमागे आई, बायको, शाळेतली मुलगी. "तू हो पुढे," काडी म्हणाला. आईला घेऊन स्वतः बस स्टँडवर पोचवायला गेला. आईने गाडी सुटेपर्यंत खिडकीची दांडी धरून ठेवली होती.

सुरुवातीला पेटीचं काही चालेना. फोन करायचा तेव्हा आवाज पडलेला. मग फोन कमी झाले. काडीला वाटलं, बरं चाललं असेल.

चाललंच होतं. पण काडीला ते कळलं आडून. बायको एकदा कामावरून आली ती न बोलता चुलीशी जाऊन उभी राहिली. खूप विचारल्यावर म्हणाली, बसमध्ये कॉलेजची पोरं होती. ती रिकाम्या जागेवर बसायला गेली तर एकजण म्हणाला, "साहेब, बसली का?" आणि सगळी गाडी हसली. "त्यांना आईचं बोलणं कुठून माहीत?" तिने विचारलं. काडीने फोनवर ते वाक्य शोधलं, तर पेटीचा व्हिडिओ निघाला. पाठोपाठ मुलगी शाळेतून सांगत आली, की तिला वर्गात आता 'बसली' म्हणतात.

आईच्या इमारतीत तर वेगळंच चाललं होतं. ऑफिसातली तरुण मुलं जिन्यात थांबून तिला म्हणायची, "आजी, ते म्हणून दाखव ना." आणि फोन धरायची. आई खुशीत म्हणून दाखवायची. तिला वाटायचं, पोरांना माझं कौतुक आहे. घरी येऊन सांगायचीही, "आज चौघांनी माझा फोटो काढला." काडी आणि त्याची बायको एकमेकांकडे बघायची नाहीत.

शेवटी तिथल्याच एका मुलीने, भाबडेपणानेच, तिला तो व्हिडिओ दाखवला. आईने तो घरी येऊन काडीच्या फोनवर पुन्हा लावायला सांगितला. डोक्याला फडकं बांधलेला पेटी, हातात बादली. उच्चार तोच, मान हलवायची तऱ्हा तीच, बोलता बोलता पदराने ओठ पुसायची सवय तीच. फक्त साहेब आता शहाणा झाला होता आणि बाई मूर्ख. ती हॉस्पिटलच्या चादरी पोटाशी बांधून पळवत होती. ज्या फडक्याने जिना पुसायचा त्यानेच ताटं पुसत होती. शेवटी पेटी साध्या आवाजात म्हणायचा, "ही माणसं आली, बसली, आणि आता उठायचं नाव घेत नाहीत." तिथे सगळ्यांत मोठा हशा.

आईने शेवटपर्यंत पाहिलं. मग ती आपल्या भाषेत म्हणाली, "ताटाचं फडकं मी वेगळं ठेवते. त्याला माहीत आहे. रोज बघायचा."

"हो, आई."

"मग असं का म्हणाला?"

काडीने फोन बंद करून खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. जिना ओला होता, साहेब वर येत होते. तिने हाताने थांबा अशी खूण केली. तोंडातून शब्द काढला नाही. त्या दिवसापासून ती इथली भाषा बोललीच नाही. दुकानात बोट दाखवायची. शेजारीण काही विचारायला आली तर नुसती मान हलवायची. जी बाई मोठमोठ्या साहेबांना एकेरी हाक मारायची, ती आता घराबाहेर मुकी झाली.

काडी रजा टाकून शहरात गेला. पेटीचं घर वरच्या मजल्यावर, स्वच्छ, भिंती अजून रिकाम्या. त्याने काडीला कडकडून मिठी मारली. काडी सोडवून घेऊन खुर्चीवर बसला.

"आईने पाहिलं," तो म्हणाला.

पेटीचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "आवडलं नसेल. म्हाताऱ्या माणसांना... पण अरे, ती नक्कल तर तुझीच ना? तूच करायचास."

"मी करायचो तेव्हा ती समोर बसलेली असायची. मला खोटं पाडायची. तुझ्यासमोर कोण बसतं?"

"लोक बसतात. त्यांना जे हसवतं ते मी करतो. माझ्या मनात काही नाही, तुला माहीत आहे."

"मग चादरी चोरायचं कुणाच्या मनातून आलं?"

पेटी उठून खिडकीशी गेला. "एक सांगू? त्या मॅनेजरला तू काय म्हणाला होतास? हसायला परवानगी लागते का? मी मुलाखतींत सांगतो ते. लोक उभं राहून टाळ्या वाजवतात."

मळक्या चादरींच्या त्या खोलीत ज्या वाक्यासाठी तो वर्षभर उभा राहिला होता, ते वाक्य याने उचलून आपल्या अंगावर घातलं होतं. "ते मी तुझ्यासाठी बोललो होतो," तो म्हणाला. "बंद कर म्हणत नाही मी. एकदा घरी ये. तिच्यासमोर कर. ती हसली तर जन्मभर कर."

"येतो ना," पेटी म्हणाला. "या महिन्यात जरा धावपळ आहे."

तो आला नाही.

इकडे वस्तीच्या अध्यक्षांच्या कानावर गोष्ट गेली होती. ते स्वतः घरी आले. तक्रारअर्ज तयार होता, फक्त काडीची सही हवी होती. कार्यक्रमावर बंदी, पेटीला अटक, सगळं त्यात होतं.

"नकलेतली बाई तुझी आई आहे. तुझ्या सहीला वजन आहे," अध्यक्ष म्हणाले.

"सही करणार नाही."

"अजून मैत्री सुटत नाही?"

"मैत्री कधीच सुटली. पण हॉलला कुलूप लागतं तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय. आज त्याचं तोंड बंद केलंत, तर उद्या त्याच कायद्याने आपलं करतील. मला त्याला गप्प नाही करायचं. त्याने ऐकावं, एवढंच मला हवंय."

"आईपेक्षा तुला तत्त्व मोठं," अध्यक्ष म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले. त्यानंतर वस्तीतल्या निम्म्या लोकांनी काडीशी बोलणं टाकलं. बायकोसुद्धा म्हणाली, "सही केली असतीस तर निदान आपली माणसं तरी राहिली असती." ते खरं होतं.

मग पेटीचा कार्यक्रम आपल्याच गावात लागला, नव्या नाट्यगृहात. काडी तिकीट काढून गेला. संध्याकाळी हॉल गच्च भरलेला. नक्कल सुरू झाली, लोक वाक्यं आधीच म्हणू लागले. काडी जागेवरून उठला. पेटीने त्याला पाहिलं, क्षणभर अडखळला, मग सावरून हसला. "बघा कोण आलंय. माझी काडी. ज्या माउलीची ही नक्कल, तिचा मुलगा." टाळ्यांचा गजर झाला. त्याने हात धरून काडीला वर ओढून घेतलं आणि माइक दिला.

काडी कित्येक वर्षांनी माइकसमोर उभा होता. "माझ्या आईने बोलणं सोडलंय," तो म्हणाला.

लोक हसले.

"ती दुकानात बोटाने सामान मागते."

आणखी हसले. पुढच्या रांगेतला एक माणूस डोळे पुसत होता. काडीने पेटीकडे पाहिलं. हे खरं आहे, एवढंच पेटीने लोकांना सांगितलं असतं तर पुरे होतं. एक वाक्य. पेटीचे डोळे भरले होते, हे काडीने नंतर घरी सांगितलं. पण त्याने माइक घेतला आणि तो म्हणाला, "बघा, अजून तेच टायमिंग."

छप्पर उडेल असा हशा झाला. काडी बाजूच्या पायऱ्यांनी उतरला आणि बाहेर पडला. मागून कुणीतरी हौसेने हाक मारली, "साहेब, उठली का?"

तो पेटीला परत भेटला नाही. पेटीचा फोन दोनदा आला, त्याने उचलला नाही. पेटीने पुढे ती नक्कल सोडली म्हणतात, पण तोवर ती लोकांची झाली होती. नकलेचा मालक कोण हेही ठाऊक नसलेली माणसं ते वाक्य बसमध्ये, शाळेत, रांगेत वापरत राहिली. काडीने शाळेत जाऊन मुलीच्या बाईंना गाठलं. बाई चांगल्या होत्या. त्यांनी वर्गात विषय काढला, मुलांना समजावलं. त्या वर्गापुरतं ते थांबलं.

आईने जिने पुसण्याचं काम सोडलं. पावसाळ्यात तिची छाती दुखायला लागली तेव्हा काडी तिला हॉस्पिटलात घेऊन गेला. ज्याच्या चादरी तो रोज इस्त्री करतो, तेच हॉस्पिटल. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने आईकडे वळून मऊ आवाजात विचारलं, "कुठं दुखतंय, आजी?"

आईने काडीकडे पाहिलं.

"तूच सांग," तो आपल्या भाषेत म्हणाला. "त्या हसणार नाहीत."

आई ओठ मिटून बसली. डॉक्टरीणबाई थांबली होती, तिला घाई नव्हती. पण आईने तोंड उघडलं नाही, आणि शेवटी काडीनेच आईचं दुखणं सांगितलं.