बंद शेडमधली दुपार

दार उघडलं तेव्हा बाहेर भर दुपार होती आणि आत मिट्ट काळोख. शेडचा मालक दिलीपशेठ, त्याने मोबाईलचा उजेड मारला. हजारो कोंबड्या, पण आवाज एकीचाही नाही. सगळ्या शेवटच्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. भिंतीपाशी त्यांचा ढीग होता. वरच्या जिवंत होत्या, खालच्या गुदमरून मेलेल्या.

शेठ म्हणाला, "आप्पा, दुपारना अंधार काढी टाकं म्हनीसन तुम्हीच सांगं व्हतं ना?"

काढलंच होतं मी.

नवापूरकडच्या पोल्ट्र्यांना मी कंट्रोलर बसवतो. चौथी शिकलोय. पंपाच्या जळालेल्या मोटारी बांधता बांधता प्रोग्राम लिहायला शिकलो, आणि माझ्या प्रोग्रामला हात लावण्याआधी इंजिनिअरही मला विचारतो. बंद शेडला खिडकी नसते. पंखे, पाणी, उजेड सगळं प्रोग्राम सांभाळतो. तो एका फाईलीत मावत नाही. पंख्याची फाईल वेगळी, लाईटची वेगळी. या सगळ्या मिळून प्रोजेक्ट होतो. लॅपटॉपवर डावीकडे त्यांची नावं ओळीने दिसतात.

या शेडचा प्रोजेक्ट मी आणि युनूसभाईने मिळून केला होता. तो मागच्या उन्हाळ्यात वारला. दुपारच्या उष्म्यात कोंबड्यांना झोपवायचं, ही त्याची कल्पना. त्याच्या दोन फाईली होत्या. एक लाईट हळूहळू मंद करायची, दुसरी बंद करायची. हळूहळूच करावं लागतं. एकदम अंधार झाला की कोंबड्या घाबरून एकमेकींवर चढतात. शेठला आता दुपारीही उजेड हवा होता, कोंबडी जास्त खाईल म्हणून. मी दोन्ही फाईली पुसून रिकाम्या केल्या आणि प्रोग्राम कंट्रोलरमध्ये भरला.

तरी अंधार आला. तोही एकदम.

कामाच्या बाया दुपारी आत जाईनात. युनूसभाई फिरतो म्हणे. मी म्हटलं, तो जिवंतपणी कधी वेळेवर आला नाही, मेल्यावर कशाला येईल? शेठ हसला नाही.

"उद्या दुपारले परत अंधार पडना, तं तुमनं मशीन उचला नि घर जा. मन्ही बॅच मरी ऱ्हायनी."

मी ओट्यावर लॅपटॉप मांडला. प्रोजेक्टचं फोल्डर उघडलं, लाईट बंद करायची फाईल पाहिली. रिकामी. जवळच्या दुसऱ्या कंट्रोलरमध्ये तोच प्रोग्राम भरला, त्याचं घड्याळ दुपारवर नेलं. जोडलेला बल्ब गपकन विझला. रिकाम्या फाईलीतून हुकूम कोण देत होतं? अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

मग मी डावीकडच्या यादीत त्याच फाईलीच्या नावावर क्लिक केलं. एरवी मी तसं करत नाही. फाईल फोल्डरमधूनच उघडायची, ही माझी पद्धत. क्लिक केलं आणि युनूसभाईचा मजकूर जसाच्या तसा समोर आला. सगळ्यात वर, मशीन वाचत नाही अशी एक ओळ त्याने माणसांसाठी लिहून ठेवली होती: "सोने दो इनको."

त्या नावाशेजारी बारीक बाण होता. त्याला लिंक म्हणतात. नाव इथे दिसतं, फाईल राहते दुसरीकडे. लाईट बंद करायची फाईल युनूसभाईने त्याच्या वेगळ्या फोल्डरात ठेवली होती, आणि प्रोजेक्ट ती तिथून उचलत होता. मी पुसली ती प्रोजेक्टच्या फोल्डरात पडलेली त्याच नावाची जुनी प्रत. म्हणजे मंद करणारी फाईल खरोखर गेली, बंद करणारी शाबूत राहिली. म्हणूनच अंधार एकदम येत होता.

लिंक काढली. मूळ फाईल पुसली. प्रोग्राम भरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ आणि मी आत जाऊन उभे राहिलो. वेळ झाली. दिवे लख्ख. शेठने माझ्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात कलकलाट विरायला लागला. दारापासून पार टोकापर्यंत. कोंबड्या बसल्या, भिंतीकडे वळल्या आणि त्यांनी डोळे मिटले. लख्ख उजेडात. ढीग झाला नाही, एकही मेली नाही. पंख्यांचा आवाज तेवढा राहिला.

शेठ हळू आवाजात म्हणाला, "आप्पा, आते कोनती फाईल चाली ऱ्हायनी?"

"सवय लागी जास जनावरले," मी म्हटलं. लॅपटॉप उघडून पाहिला नाही.

संध्याकाळी शेठनेच दुपारची झोप परत टाकायला सांगितली. दोन्ही फाईली मी नव्याने लिहिल्या, एकाच फोल्डरात ठेवल्या, आणि त्यांना नाव माझं दिलं. काम टिकलं.

नव्या पोरांना मी इतकंच सांगतो, डावीकडचं नाव म्हणजे फाईल नव्हे. पुसण्याआधी ती राहते कुठे ते बघा. आता शेडमध्ये नवी पिल्लं आली आहेत. दुपारची सेटिंग करायची असली तर मी बाहेरूनच करतो.